टू-डी एनएमआरमध्ये भलत्याच जागी उगवणारा ठिपका: फोल्डिंग ओळखायचं कसं, टाळायचं कसं

व्हॅनिलिनचा एचएसक्यूसी समोर आहे, म्हणजे प्रोटॉन आणि तो ज्याला जोडलेला आहे तो कार्बन यांची प्रत्येक जोडी एका ठिपक्याने दाखवणारा टू-डी स्पेक्ट्रम. मेथॉक्सीचा ठिपका ५६ पीपीएमला, रिंगवरचे तीन सीएच १०९, ११४ आणि १२८ च्या आसपास, सगळं जागच्या जागी. फक्त प्रोटॉनच्या अक्षावर ९.८३ आणि कार्बनच्या अक्षावर ३१ अशा ठिकाणी एक ठिपका उगवलाय. ९.८३ चा प्रोटॉन अल्डिहाइडचा, यात शंका नाही. त्याचा कार्बन १९१ च्या आसपास हवा. ३१ ला साखळीतले सीएच-टू नाहीतर सीएच-थ्री येतात आणि त्यांचे प्रोटॉन बहुधा १ ते ३ मध्ये असतात. मग हा कोण?

एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या शेवटच्या वर्षापर्यंत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि पहिला संशय नेहमी नमुन्यावर जातो. अशुद्धी असेल, कॉलम पुन्हा करू, सॉल्व्हंट बदलून बघू. यात दिवस जातात आणि मेहनतीने मिळवलेला शुद्ध पदार्थही खर्ची पडतो. वरच्या उदाहरणात नमुना ठणठणीत आहे. कार्बनची खिडकी, म्हणजे नोंदवायचा पीपीएमचा पल्ला, ० ते १६० ठेवली होती. १९१ चा सिग्नल तिच्या बाहेर होता आणि तो फोल्ड होऊन आत आला. १९१ मधून १६० वजा केले की ३१.

बाहेरचा सिग्नल आत येतो कसा

टू-डीमध्ये प्रोटॉनची मिती, म्हणजे एफ-टू, थेट रिसीव्हरमधून नोंदली जाते. कार्बनची मिती, एफ-वन, तशी नोंदली जात नाही. पल्स-मालिकेत टी-वन नावाचा एक काळ असतो. तो ठरावीक टप्प्याने वाढवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला एफआयडी, म्हणजे रिसीव्हरमधला कच्चा सिग्नल, घेतात. कार्बनचं चुंबकन किती फिरलं हे फक्त त्या टप्प्यांवर कळतं. दोन टप्प्यांच्या मध्ये काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं.

४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर कार्बनची वारंवारता सुमारे १००.६ मेगाहर्ट्झ असते. तिथे १६० पीपीएमची खिडकी म्हणजे १६.१ किलोहर्ट्झ, आणि टी-वनचा टप्पा तिचा व्यस्त, म्हणजे ६२ मायक्रोसेकंद. खिडकीचं केंद्र ८० ला आहे. अल्डिहाइडचा कार्बन केंद्राच्या १११ पीपीएम वर, म्हणून एका टप्प्यात तो १११ भागिले १६०, म्हणजे ०.६९ फेरा पुढे जातो. पण ०.६९ फेरा पुढे गेलं काय आणि ०.३१ फेरा मागे आलं काय, शेवटची जागा एकच. फूरियर रूपांतराकडून मिळणारं उत्तर अर्ध्या फेऱ्याच्या आतलं असतं: ०.३१ मागे, म्हणजे केंद्राच्या ४९ पीपीएम खाली. ८० वजा ४९, पुन्हा ३१. बारा तासांच्या घड्याळात १५ वाजले की काटा ३ वर दिसतो, तोच हा हिशोब. काटा चुकलेला नसतो, कितवा फेरा आहे एवढंच त्याला सांगता येत नाही.

प्रोटॉनच्या मितीत हे सहसा दिसत नाही, कारण आजची मशीन्स तिथे गरजेपेक्षा कितीतरी वेगाने नमुने घेतात आणि खिडकीबाहेरचं सगळं डिजिटल फिल्टरने कापून टाकतात. त्यामुळे एफ-टूची खिडकी अरुंद पडली तर तिथला सिग्नल भलतीकडे न उगवता गायबच होतो. एफ-वनमध्ये असा फिल्टर लावायची सोयच नाही. तिथे प्रत्येक बिंदू मिळवायला वेळ मोजावा लागतो, म्हणून अतिरिक्त बिंदू कुणी घेत नाही.

आधी एक गोष्ट तपासा: एफ-वनची मोड कुठली

मोड म्हणजे एफ-वनमध्ये सिग्नल नोंदवायची पद्धत. ठिपका कुठे परत येईल हे यावर ठरतं, आणि नेमकं हेच बहुतेक जण पाहत नाहीत. स्टेट्स, स्टेट्स-टीपीपीआय आणि इको-अँटीइको या पद्धतींत सिग्नल वळसा घालून येतो. वरच्या कडेबाहेर ३१ पीपीएम असेल तर खालच्या कडेपासून ३१ पीपीएम आत दिसतो. ग्रेडियंट लावलेल्या साध्या मॅग्निट्यूड (फेज सोडून नुसती उंची दाखवणाऱ्या) कोझी आणि एचएमबीसीचंही असंच; कोझी युग्मित प्रोटॉनच्या जोड्या दाखवतो आणि एचएमबीसी प्रोटॉनपासून दोन-तीन बंधांवरचे कार्बन. नुसती टीपीपीआय असेल तर मात्र सिग्नल ज्या कडेने बाहेर गेला त्याच कडेने आरशातल्यासारखा उलटा परततो: वरच्या कडेबाहेर ३१, तर त्याच कडेच्या आत ३१.

आपल्या व्हॅनिलिनवर हा फरक केवढा मोठा आहे बघा. वळसा घातला तर १९१ चा सिग्नल ३१ ला दिसतो आणि रसायनशास्त्र थोडंफार येणाऱ्या कुणालाही तो खटकतो. टीपीपीआयने घेतला असता तर तोच १६० वजा ३१, म्हणजे १२९ ला दिसला असता. व्हॅनिलिनचा सी-वन १२९.९ ला आहे, अल्डिहाइडला लागूनच. अल्डिहाइडच्या प्रोटॉनचं शेजारच्या कार्बनशी दोन बंधांवरचं युग्मन चांगलं वीस-पंचवीस हर्ट्झचं असतं, त्यामुळे त्याचा ठिपका कधीकधी एचएसक्यूसीत खरोखरच झिरपतो. म्हणजे १२९ चा ठिपका पाहून ‘दोन बंधांचा सिग्नल झिरपलाय’ असं अगदी विद्वत्तापूर्ण पण चुकीचं स्पष्टीकरण हाताशी तयार असतं. खटकणारा फोल्ड बरा, कारण तो पकडला जातो. धोका असतो तो पटणाऱ्या फोल्डचा.

पकडायचा कसा

सर्वात भरवशाची परीक्षा म्हणजे एफ-वनची रुंदी बदलून प्रयोग पुन्हा लावणं. खरे ठिपके आपल्या पीपीएमवर ठाम राहतात, फोल्ड झालेला हलतो. केंद्र ८० वरच ठेवून रुंदी १६० ची १७० केली की व्हॅनिलिनचा तो ठिपका ३१ वरून २१ वर जाईल. ३१ अधिक १६० आणि २१ अधिक १७०, दोन्ही १९१. पत्ता सापडला. या तपासणीसाठी सुंदर स्पेक्ट्रम नको, थोडेच टी-वन बिंदू घेऊन भरभर लावलेला एचएसक्यूसी पुरतो.

इथे एक चूक फार होते. रुंदी तशीच ठेवून फक्त केंद्र सरकवायचं आणि ‘ठिपका हलला नाही, म्हणजे खरा आहे’ असं म्हणायचं. स्टेट्स किंवा इको-अँटीइकोमध्ये दिसणारी जागा ही खऱ्या जागेत खिडकीच्या रुंदीची पूर्ण पट मिळवून किंवा वजा करून येते. त्या हिशोबात केंद्र येतच नाही. खिडकी ० ते १६० ऐवजी २० ते १८० केली तरी ठिपका ३१ वरच राहतो. खिडकीची कडच त्याला ओलांडून गेली तरच तो उडी मारतो. टीपीपीआयमध्ये मात्र केंद्र सरकवणं कामाला येतं, तिथे कड १० पीपीएम हलली की ठिपका २० ने हलतो. म्हणूनच मोड आधी पाहायला सांगितली.

दुसरा प्रयोग लावायला मशीन मिळत नसेल तर आहे त्याच माहितीवर हिशोब करा. ठिपका ३१ ला आणि रुंदी १६० असेल तर शक्यता तीनच धरायच्या: ३१, १९१ आणि उणे १२९. ९.८३ च्या प्रोटॉनला यातली कुठली शोभते ते सांगायला वेगळा प्रयोग लागत नाही.

फेजही साक्ष देते. टी-वनची सुरुवात शून्यापासून न करता बरोबर अर्ध्या टप्प्यापासून केली तर एकदा फोल्ड झालेले ठिपके उलट्या चिन्हाचे येतात आणि न झालेले सरळ राहतात. ही युक्ती प्रथिनांच्या नायट्रोजन एचएसक्यूसीत फार छान चालते. पण सीएच-टू उलटे दाखवणाऱ्या एडिटेड एचएसक्यूसीत ती वापरू नका. तिथे चिन्हाला आधीच एक काम दिलेलं असतं, फोल्ड झालेला सीएच आणि साधा सीएच-टू वेगळे ओळखता येणार नाहीत. सुरुवातीचा काळ शून्यही नाही आणि अर्धा टप्पाही नाही, असा मधलाच असेल तर बाकी सगळे ठिपके स्वच्छ आणि एखादाच एफ-वनमध्ये तिरपा, असं दिसतं. त्या तिरप्याकडे संशयाने बघावं.

एचएमबीसी मॅग्निट्यूडमध्ये घेतला असेल तर फेजची साक्ष मिळत नाही. तिथे एचएसक्यूसीशी ताडून पाहा. सायक्लोहेक्झानोनचा कार्बोनिल २१२ च्या आसपास येतो. एचएमबीसीची खिडकी ० ते २०० असेल तर तो १२ ला दिसेल आणि ‘इथे मिथाइल आहे की काय’ असं वाटेल. पण १२ ला कार्बन असेल तर तो व्यवहारात मिथाइल किंवा फारतर सीएच-टू असणार, म्हणजे एचएसक्यूसीत त्याचा ठिपका हवा. तो नाही, म्हणजे हा बाहेरून आलेला.

जिथे हे हमखास होतं

अल्डिहाइड आणि कीटोन झाले. खालच्या कडेकडे मात्र लक्ष कमी जातं. टीबीएस गटातल्या सिलिकॉनवरच्या मिथाइलचा कार्बन शून्याच्या खाली, उणे ५ च्या आसपास असतो. ० ते १६० च्या खिडकीत तो १५५ ला उगवतो, प्रोटॉन ०.०५ ला आणि कार्बन १५५ ला! संरक्षक गट म्हणून टीबीएस रोज वापरणाऱ्या प्रयोगशाळेत तरी खिडकी उणे १० पासूनच सुरू करावी. सायक्लोप्रोपेनचे सीएच-टूसुद्धा शून्याजवळ, कधी त्याच्याही खाली जातात.

नायट्रोजन-१५ चा एचएमबीसी ही याहून अवघड जागा. नायट्रोजनचा पल्ला प्रचंड आहे. द्रव अमोनियाच्या मापावर अमाइन्स खाली, अमाइड ११५-१२५ च्या आसपास, पिरिडिन ३१७ ला आणि नायट्रो गट ३७० च्या घरात. एवढी खिडकी ठेवायची कुणाची तयारी नसते, म्हणून ० ते २०० ठेवतात. मग पिरिडिनचा नायट्रोजन ३१७ वजा २००, म्हणजे ११७ ला येतो, थेट अमाइडच्या गर्दीत! औषधी रेणूंमध्ये पिरिडिन आणि अमाइड एकाच सांगाड्यात असणं रोजचंच, त्यामुळे ही चूक रचनेच्या निष्कर्षापर्यंत पोहोचू शकते. उपाय सोपा आहे: एक स्पेक्ट्रम २०० च्या रुंदीने आणि एक २५० च्या रुंदीने घ्या, दोन्ही शून्यापासून. पहिल्यात ११७, दुसऱ्यात ६७. दोन्हींना एकदमच पटेल अशी जागा ३१७, आणि तिच्यानंतरची थेट १३१७, जी अस्तित्वातच नाही. दोन रुंदी निवडताना एक दुसरीची सरळ पट नसावी. १०० आणि २०० घेतल्या तर २०० ने ठेवलेला संभ्रम १०० वाढवेलच, मिटवणार नाही. आणखी एक: माप अमोनियाचं आहे की नायट्रोमिथेनचं ते बघा. दोन्हींत सुमारे ३८० पीपीएमचा फरक आहे आणि खिडकी एका मापावर ठरवून केंद्र दुसऱ्या मापावर भरलं की सगळाच घोळ.

नोझीमध्ये, म्हणजे अवकाशात जवळ असलेल्या किंवा अदलाबदल करणाऱ्या प्रोटॉनच्या जोड्या दाखवणाऱ्या प्रयोगात, वेगळाच प्रकार होतो. डीएमएसओमध्ये कार्बोक्झिलिक आम्लाचा प्रोटॉन १२.५ ला आहे आणि दोन्ही मित्यांची खिडकी ० ते १० आहे असं धरा. एफ-टूच्या फिल्टरने तो प्रोटॉन कापला. पण तो ३.३३ च्या पाण्याशी अदलाबदल करतो आणि ती अदलाबदल पाण्याच्या एफ-टू जागेवर नोंदली जाते. एफ-वनमध्ये १२.५ चा सिग्नल १० वजा होऊन २.५ ला येतो, म्हणजे नेमका डीएमएसओच्या उरलेल्या सिग्नलच्या रांगेत. पाणी आणि डीएमएसओ यांच्यात काहीतरी चाललंय असं वाटायला लागतं. खूण एकच: नोझी कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा. एफ-टू ३.३३, एफ-वन २.५ ला ठिपका आहे आणि त्याचा जोडीदार एफ-टू २.५, एफ-वन ३.३३ ला नाही, तर तो फोल्ड झालेला. खिडकी १४ पर्यंत नेली की गोंधळ संपतो.

ज्याला फोल्डिंग समजलं जातं पण नसतं

जोरदार सिंगलेटच्या वरखाली उभी रेषा दिसते ती टी-वन नॉइज, तिचा खिडकीशी संबंध नाही. केंद्राभोवती आरशातली प्रतिमा आणि तिच्या पलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर मोठा मूळ ठिपका असेल तर ती क्वाड्रेचर इमेज. अक्षीय सिग्नल (टी-वनच्या काळात न फिरलेल्या चुंबकनाचे) स्टेट्समध्ये एफ-वनच्या केंद्रावर आणि स्टेट्स-टीपीपीआयमध्ये कडेवर एका ओळीत बसतात. एचएमबीसीत प्रोटॉनच्या दोन्ही बाजूंना सव्वाशे ते पावणेदोनशे हर्ट्झ अंतराची जोडी दिसली तर तो एका बंधाचा झिरपलेला सिग्नल. रुंदी बदलण्याची परीक्षा इथेही कामाची आहे.

टाळायचं तर काय करायचं

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे खिडकी मोठी करा. तो नेहमी बरोबर आहे पण नेहमी स्वस्त नाही. ४०० च्या मशीनवर १२८ कॉम्प्लेक्स बिंदूंत १६० पीपीएम घेतले तर टी-वन सुमारे ८ मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि एफ-वनचं रेझोल्यूशन १२६ हर्ट्झ, म्हणजे सव्वा पीपीएम मिळतं. तेवढ्याच बिंदूंत खिडकी २२० केली की ते १.७ पीपीएमवर उतरतं. रेझोल्यूशन टिकवायचं तर बिंदू २२० भागिले १६० पटीने, म्हणजे जवळजवळ १.४ पटीने वाढवावे लागतात आणि वेळही त्याच पटीने. टर्पिनसारख्या गर्दीच्या रेणूत १ पीपीएमच्या आत दोन सीएच असतील तर ही किंमत जाणवते.

म्हणून आधी केंद्र हलवून भागतं का ते बघा. व्हॅनिलिनचे प्रोटॉन असलेले सगळे कार्बन ५६ ते १९१ मध्ये आहेत. रुंदी १६० च ठेवून केंद्र १२० ला नेलं की खिडकी ४० ते २०० होते आणि काहीच फोल्ड होत नाही. एक बिंदू जास्त नाही, एक मिनिट जास्त नाही. शिवाय आणखी एक फायदा होतो. केंद्र ८० ला असताना अल्डिहाइडचा कार्बन ११ किलोहर्ट्झ दूर होता. साध्या कडक १८० अंशांच्या पल्सची ताकद एवढ्या लांब नीट पोहोचत नाही, म्हणून फोल्ड झालेले ठिपके बऱ्याचदा दुबळेही असतात. केंद्र १२० ला नेल्यावर तेच अंतर ७ किलोहर्ट्झ राहतं. ॲडियाबॅटिक (रुंद पल्ल्यावर सारखं काम करणाऱ्या) पल्सच्या मालिका वापरत असाल तर हा प्रश्न बराच कमी होतो, तरी केंद्र शहाणपणाने निवडणं फुकटचं आहे.

खिडकी ठरवायला आधी वन-डी प्रोटॉन नीट वाचा. ९ ते १० मध्ये काही असेल तर वरची कड २०० च्या पुढे न्या. शून्याजवळ काही असेल तर खालची कड उणे १० ला ठेवा. नमुना पुरेसा असेल आणि कार्बनचा वन-डी घेतलेला असेल तर प्रश्नच मिटला. अनोळखी नैसर्गिक पदार्थासाठी एचएसक्यूसी उणे १० ते २१० आणि एचएमबीसी उणे १० ते २३० ठेवावा असं माझं मत आहे. तिथे रेझोल्यूशनपेक्षा खात्री मोलाची. रचना बरीचशी कळल्यावर अरुंद खिडकीचा बारीक स्पेक्ट्रम घ्यावा.

एनयूएसने, म्हणजे टी-वनचे सगळे बिंदू न घेता निवडक घेऊन, रुंद खिडकीचा वेळ पुष्कळ वाचतो. चौथा हिस्सा बिंदू घेऊनही काम होतं. पण एनयूएस लावला म्हणजे फोल्डिंग गेलं असा गैरसमज दिसतो. नेहमीच्या एनयूएसमध्ये बिंदू त्याच टप्प्याच्या जाळीतून निवडलेले असतात आणि खिडकी त्या टप्प्यावरूनच ठरते. जाळी अरुंद खिडकीची असेल तर सिग्नल तसाच वळसा घालतो.

आणि कधीकधी फोल्ड होऊ द्यावं. प्रथिनांच्या नायट्रोजन एचएसक्यूसीत मुख्य साखळीतले अमाइड साधारण १०५ ते १३० मध्ये असतात आणि आर्जिनिनच्या बाजूसाखळीतला नायट्रोजन ८५ च्या आसपास. त्या मोजक्या ठिपक्यांसाठी खिडकी दुप्पट करणं परवडत नाही. केंद्र ११८, रुंदी ३५ ठेवतात, म्हणजे खिडकी साधारण १००.५ ते १३५.५. आर्जिनिन ८५ अधिक ३५, म्हणजे १२० ला येतो. अर्ध्या टप्प्याच्या सुरुवातीमुळे तो उलट्या रंगात दिसतो आणि कुणाचीही फसगत होत नाही. हे ठरवून केलेलं फोल्डिंग आहे. प्रबंधात किंवा शोधनिबंधात ते लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचा वाचणारा १२० लाच खरं धरतो.

आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांतून नमुने दुसऱ्या संस्थेच्या मशीनवर जातात आणि परत येते ती पीडीएफ. पीडीएफवरून यातलं फारसं काही तपासता येत नाही. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर अपेक्षित गट लिहा (अल्डिहाइड आहे, टीबीएस आहे, पिरिडिन आहे), हवी ती खिडकी आणि केंद्र पीपीएममध्ये लिहा आणि मूळ डेटाचं फोल्डर मागा. ब्रुकरच्या फोल्डरमध्ये एफ-वनची माहिती ॲक्यू-टू-एस नावाच्या फाइलीत असते आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तिच्यात एसडब्ल्यू म्हणजे पीपीएममधली रुंदी आणि एफएनमोड म्हणजे मोड. एचएसक्यूसीसाठी कार्बनचं केंद्र टॉपस्पिनमध्ये ओ-टू-पी या नावाखाली दिसेल. हे तीन आकडे हाती आले की संशयित ठिपक्याचा हिशोब कागदावर करता येतो.